रुग्णशय्येजवळचे श्रम : महाराष्ट्रातील रुग्णसहायकांच्या कामाचा आढावा

१. संज्ञेचा प्रश्न

खाटेवर असलेल्या माणसाचे अंग पुसणे, त्याची कूस बदलणे, त्याला भरवणे, शौचाला नेणे किंवा बिछान्यातच शौचपात्र देणे, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेऊन परत आणणे आणि या सगळ्यात त्याच्या प्रकृतीत दिसलेला फरक परिचारिकेच्या कानावर घालणे, ही कामे करणाऱ्या व्यक्तीला मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही; या व्यवसायाविषयीच्या बहुतेक वादांचा माग काढत गेल्यास तो या नसलेल्या नावापर्यंतच जाऊन पोचतो. सरकारी आस्थापनेवर ती ‘कक्षसेवक’, ‘परिचर’ किंवा ‘आया’ असते. वॉर्डातले रुग्ण तिला ‘मावशी’ आणि पुरुष असल्यास ‘मामा’ म्हणून हाक मारतात. खासगी रुग्णालयांत ‘वॉर्डबॉय’ आणि ‘आयाबाई’ हे शब्द टिकून आहेत. कौशल्यविकासाच्या प्रमाणपत्रावर ती ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ होते. आणि पुण्या-मुंबईच्या घरांतून तिचा उल्लेख ‘ब्युरोची बाई’ असा होतो, कारण घरी रुग्णाजवळ माणूस पुरवणाऱ्या संस्थेला बोलीत ब्युरो म्हणतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आपल्या एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला ‘रुग्णसहायक’ हे नाव दिले आहे, आणि तीच संज्ञा येथे या सर्वांसाठी वापरली आहे.

रुग्णसहायक आणि परिचारिका यांच्यातील सीमा कायद्याने स्पष्ट आहे. परिचारिकेने जीएनएम ही पदविका, बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी किंवा एएनएम हा दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये तिची नोंद राज्य परिचर्या परिषदेकडे झालेली असते. रुग्णसहायकाची अशी नोंद कोठेच होत नाही. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र ही सीमा पुसट होते, आणि रात्रपाळीला ती सर्वाधिक पुसट असते.

२. पार्श्वभूमी

परक्या माणसाच्या शरीराला, विशेषतः त्याच्या मलमूत्राला, पैसे घेऊन हात लावणे हे काम जातिव्यवस्थेने ठरावीक समाजांवर लादले होते, आणि परपुरुषाच्या स्पर्शाचा निषेध असल्याने तथाकथित वरच्या जातींतील स्त्रिया शुश्रूषेच्या नोकरीपासून दूर राहिल्या. हा निषेध मोडण्याचा महाराष्ट्रातील ठळक प्रयत्न पुण्याच्या सेवासदनाचा होय. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानडे यांनी वाढवलेल्या या संस्थेने ससून रुग्णालयात हिंदू स्त्रियांच्या, त्यांत विधवांच्याही, परिचर्या-प्रशिक्षणाची व्यवस्था केली. परिचारिकेच्या पेशाला यातून हळूहळू प्रतिष्ठा मिळाली, परंतु ज्या कामांमुळे तो पूर्वी हलका मानला जाई ती कामे नाहीशी झाली नाहीत. ती एक पायरी खाली, आयाबाई आणि वॉर्डबॉय यांच्याकडे सरकली. कोलकात्यातील शुश्रूषा-कामगारांचा अभ्यास करणाऱ्या पांचाली राय यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या उतरंडीची चिकित्सा केली आहे: लिंग, जात आणि वर्ग यांच्या आधारे परिचर्येच्या क्षेत्रातच कामगारांचे थर कसे पाडले जातात, हा त्या चिकित्सेचा विषय आहे. महाराष्ट्राला ती बरीचशी लागू पडते.

नियोजनाच्या इतिहासात या कामगाराला जागा मिळाली ती टंचाईमुळे. भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशातील परिचारिकांची संख्या अवघी सुमारे ७,००० असल्याचे नोंदवले होते, आणि ही उणीव लवकर भरून काढण्यासाठी १९५० च्या दशकारंभी एएनएम हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम सुरू झाला. मूळ कल्पनेत हा अभ्यासक्रम केलेली स्त्री परिचारिकेची सहायकही होती. तथापि १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी बनवण्याची शिफारस केल्यावर ती उपकेंद्र, लसीकरण आणि कुटुंबकल्याण यांच्या कामात गेली, आणि वॉर्डातील सहायकाची जागा कोणत्याही विहित प्रशिक्षणाविना भरली जात राहिली. आजच्या प्रशिक्षणविषयक वादाकडे पाहताना ही रिकामी राहिलेली जागा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वाद जुना आहे, केवळ त्याची परिभाषा नवी आहे.

मागणीचे स्वरूप बदलले ते लोकसंख्येच्या रचनेमुळे. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच व्यक्तींमागे एक वृद्ध असेल. मुले बंगळुरूला किंवा अमेरिकेत, सून नोकरीला आणि आई पक्षाघाताने अंथरुणावर, अशी स्थिती शहरी मध्यमवर्गात सर्रास आढळू लागल्यापासून रुग्णालयाबाहेरचा रुग्णसहायक हा या व्यवसायाचा दुसरा, आणि बहुधा झपाट्याने वाढणारा, भाग झाला आहे.

३. कामातील कौशल्य आणि जोखीम

हे काम अकुशल आहे, असे वेतनाच्या वर्गीकरणात गृहीत धरले जाते. कामाचा तपशील पाहिल्यास हे गृहीतक टिकत नाही. शय्याव्रण, म्हणजे सतत एकाच बाजूवर पडून राहिल्याने होणारी जखम, हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. माकडहाड, खुबे आणि टाचा या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली गेलेली त्वचा रक्तपुरवठ्याअभावी मरू लागते. सुरुवातीला तेथे केवळ लालसर डाग दिसतो, आणि बोटाने दाबल्यावर तो फिकट होत नसेल तर इजेला आरंभ झालेला असतो. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येतात आणि परिचारिका औषधांच्या वेळा सांभाळते, परंतु रुग्णाची पाठ रोज उघडी पाहणारी व्यक्ती अंग पुसणारी रुग्णसहायकच असते, त्यामुळे हा डाग प्रथम तिलाच दिसतो. सुमारे दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीला चुणी न पडू देणे आणि त्वचा कोरडी ठेवणे हे यावरचे उपाय असून ते एखाद्या रात्री जरी चुकले तरी पुढे कित्येक आठवड्यांचे ड्रेसिंग वाट्याला येऊ शकते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९७३ मधील हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची १८ मे २०१५ रोजी झालेल्या निधनापर्यंत जवळजवळ ४२ वर्षे शुश्रूषा झाली, आणि २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने तेथील परिचारिका व कर्मचाऱ्यांचा जो गौरव केला त्यामागे इतक्या प्रदीर्घ काळात शय्याव्रण होऊ न देण्याची ही अखंड दक्षता होती. त्या दक्षतेचे बहुतेक श्रेय परिचारिकांचे आहे, हे खरेच. पण वॉर्डात अशी शुश्रूषा एका पदनामाच्या बळावर होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

भरवण्याचे कामही असेच फसवे सोपे असते. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंदावलेल्या रुग्णाला आडवे ठेवून पेज पाजल्यास ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून त्याला टेकवून बसवणे, लहान घास देणे आणि गिळले गेल्याची खात्री होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. ज्या सहायकाकडे वीस खाटा आहेत तिला थांबायला वेळ नसतो, आणि येथे कौशल्याचा प्रश्न मनुष्यबळाच्या प्रश्नात मिसळतो.

शरीरावरचा ताण हा या व्यवसायाचा सर्वांत सार्वत्रिक त्रास आहे. बेशुद्ध किंवा स्थूल रुग्णाला उचलताना कंबर वाकवून सगळे वजन पाठीवर घेतले जाते. रुग्णाखाली आडवी घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरायची चादर, जिला रुग्णालयांत ड्रॉ-शीट म्हणतात, तिचा वापर शिकवलेला असला तरी दुसरा माणूस हजर असतोच असे नाही, आणि घरी तर तो बहुधा नसतोच. संसर्गाची जोखीम याहून कमी दृश्य आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशी वर्गवारी ठरवून दिली, सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा सक्तीचा केला आणि कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस-बी व धनुर्वात यांच्या लसी देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली. तरीही चादरीच्या घडीत राहून गेलेली सुई टोचते ती चादर झटकणाऱ्यालाच, आणि तो कर्मचारी कंत्राटदाराचा असेल तर लस कोणी द्यायची यावर टोलवाटोलवी होण्यास वाव राहतो. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना झालेली लागण आणि त्यातून ओढवलेले मृत्यू यांची चर्चा वृत्तपत्रांतून वेळोवेळी झालेली आहे.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. कामाचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरून समोरच्याला हवा तसा चेहरा ठेवणे, असा तिचा आशय आहे. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध शिव्या देतो किंवा हात उगारतो आणि पुढच्या क्षणी सहायकेलाच ‘आई’ म्हणून हाक मारतो, तेव्हा न चिडता आणि न रडता त्याचे कपडे बदलणे हे श्रमच आहेत. पहाटे गेलेल्या रुग्णाचा मृतदेह स्वच्छ करून बांधून देणे आणि लगेच त्याच खाटेवर नवी चादर घालणे हेही बहुधा तिच्याच वाट्याला येते.

४. या कामातून मिळणारे समाधान

या व्यवसायाविषयीच्या लेखनात त्रासांची यादी लांब असते आणि समाधानाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. ही त्रुटी आहे, कारण त्यामुळे माणसे या कामात वर्षानुवर्षे का टिकतात हे कळत नाही. केवळ नाइलाज हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. पहिले कारण आर्थिक असले तरी साधे नाही: पतीच्या मृत्यूनंतर किंवा नवऱ्याने टाकल्यानंतर, शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रीला शेतमजुरी आणि धुणीभांडी यांपलीकडे महिन्याचे ठरलेले उत्पन्न देणारी जी थोडी कामे शहरात मिळतात, त्यांत हे एक आहे, आणि चोवीस तासांच्या कामात डोक्यावर छप्परही मिळते. कायम नोकरीतील कक्षसेवकाला निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा आणि मुलांच्या शिक्षणाची उमेद मिळाली, आणि मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतील चतुर्थश्रेणी कामगारांच्या कितीतरी कुटुंबांची पुढची पिढी या नोकरीच्या आधारावर शिकली.

दुसरे कारण कामाच्या गाभ्यातच आहे. हात न हलणारा माणूस सहा आठवड्यांनी स्वतः चमचा धरतो, हा बदल जवळून पाहणारी आणि त्यात आपला हात आहे हे जाणणारी व्यक्ती रुग्णसहायक असते; घरचे लोक आईच्या तब्येतीविषयी डॉक्टरांच्या आधी तिला विचारू लागतात, तेव्हा तिच्या निरीक्षणाला किंमत असल्याचे तिला कळते. ज्या जवळिकीमुळे हे काम हलके ठरवले गेले तीच जवळीक त्याच्या समाधानाचा उगम आहे, आणि म्हणून त्रास व समाधान यांना ताळेबंदाच्या दोन बाजूंप्रमाणे वेगळे मांडता येत नाही. तिसरे कारण पुढे जाण्याच्या शक्यतेचे आहे: सहायक म्हणून काम करत एएनएम किंवा जीएनएमपर्यंत पोचलेल्या स्त्रिया आढळतात, मात्र ही वाट वैयक्तिक जिद्दीची आहे, सहायकाचा अनुभव परिचर्या-प्रवेशासाठी गुणांकात धरला जाईल अशी शिडी व्यवस्थेने बांधलेली नाही.

५. प्रशिक्षण आणि नोंदणीविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका परिचारिकांच्या संघटनांतून मांडली जाते. अल्पमुदतीचे शिक्षण घेतलेल्यांना पांढरा गणवेश घालून परिचारिका म्हणून उभे केले जाते, त्यामुळे रुग्णाची फसवणूक होते आणि नोंदणीकृत परिचारिकांच्या जागा व पगार दोन्ही घटतात, असे तिचे म्हणणे आहे. तालुक्याच्या ठिकाणी ‘नर्सिंग’च्या नावाने सहा महिन्यांचे वर्ग चालतात, त्यांत पैसे भरून शिकलेल्या मुलींना नंतर परिषदेची नोंदणी मिळणार नसल्याचे कळते, हे पाहता या आक्षेपातील तथ्य नाकारता येत नाही. दुसरी भूमिका रुग्णालय-व्यवस्थापक आणि कौशल्यविकास यंत्रणा यांची आहे: परिचारिका अपुऱ्या असताना त्यांचा वेळ चादरी बदलण्यात जाऊ नये, आणि ठरावीक तासांचे प्रशिक्षण व परीक्षा घेतलेला सहायक अप्रशिक्षित वॉर्डबॉयपेक्षा निश्चितच सुरक्षित ठरतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने एक लाख व्यक्तींना सहा भूमिकांसाठी तयार करण्याचा जो अल्पकालीन कार्यक्रम जाहीर केला, ज्यात घरगुती शुश्रूषेचाही समावेश होता, तो याच विचाराचा विस्तार होता. तिसरी भूमिका कामगारांच्या बाजूने अशी मांडली जाते की वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या मावशीला पुन्हा वर्गात बसवण्याऐवजी तिच्या अंगी असलेल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन तिला प्रमाणपत्र, आणि त्यासोबत वाढीव वेतन, द्यावे.

या तिन्ही भूमिका प्रामाणिक आहेत, परंतु २०२१ मध्येच संमत झालेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने त्यांच्यातला पेच सुटला नाही. त्या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक ठरण्यासाठी किमान २,००० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. रुग्णसहायकाचे अभ्यासक्रम त्या मर्यादेच्या बरेच खाली राहतात. परिचर्येच्या कायद्यात ती बसत नाही आणि संलग्न व्यवसायांच्या कायद्यातही बसत नाही, त्यामुळे तिच्या चुकीची चौकशी करणारी आणि तिच्यावरील अन्यायात तिची बाजू घेणारी, अशी कोणतीच व्यावसायिक परिषद तिच्यासाठी अस्तित्वात नाही.

परदेशांतील अनुभव मर्यादित अर्थानेच उपयोगी आहे. अमेरिकेत १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने सहायकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, चाचणी आणि राज्यवार नोंदवही सक्तीची केली. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयातील हेळसांड उघड झाल्यावर २०१३ चा कॅव्हेंडिश अहवाल आणि पाठोपाठ २०१५ मध्ये ‘केअर सर्टिफिकेट’ आले. दोन्ही ठिकाणी किमान पातळी निश्चित झाली, तरी वेतन कमी राहिले आणि माणसे काम सोडून जात राहिली. प्रशिक्षणामुळे रुग्णाचे संरक्षण वाढते. कामगाराचे आपोआप वाढत नाही, एवढे यावरून म्हणता येते.

६. कायम, बदली, कंत्राटी

रुग्णालयात एकाच वॉर्डात एकच काम करणारे तीन प्रकारचे कर्मचारी भेटतात: गट-ड मधील कायम कर्मचारी, रजेवरच्या माणसाच्या जागी येणारा ‘बदली’ कामगार आणि पुरवठादार कंपनीचा कंत्राटी कामगार. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ‘बारमाही’ स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि वॉर्डातील शुश्रूषेइतके बारमाही काम क्वचितच असेल. परंतु कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून ते कामगार मूळ आस्थापनेत आपोआप कायम होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. खर्च आवरणे आणि जागा तातडीने भरणे यांसाठी बाह्यस्रोत आवश्यक असल्याचे प्रशासन सांगते, तर संघटना म्हणतात की दर काही महिन्यांनी बदलणारा माणूस रुग्ण ओळखू शकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय घेतला आणि तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात तो रद्द केला. वाद त्याने संपला नाही. कायम नोकरीच्या बाजूलाही एक अवघड गाठ आहे: सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देणाऱ्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनी अनेक दलित कुटुंबांना सुरक्षितता दिली, पण वारशाने मिळणारी ही नोकरी जातीने नेमून दिलेल्या कामाला पुढच्या पिढीत नेते की त्यातून सुटण्याचे साधन देते, यावर त्या समाजातही एकमत नाही.

कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ५० लाख रुपयांच्या विमा योजनेत डॉक्टर आणि परिचारिकांच्या बरोबरीने वॉर्डबॉयचा नामोल्लेख झाला होता. त्या साथीपुरती का होईना, जोखीम समान असल्याची ती अधिकृत कबुली होती.

७. घर हेच कामाचे ठिकाण

ब्युरोमार्फत घरी येणाऱ्या रुग्णसहायकेची स्थिती सर्वांत अस्पष्ट आहे. कुटुंब ब्युरोला पैसे देते, ब्युरो आपला हिस्सा ठेवून तिला देतो, आणि मालक कोण या प्रश्नाचे उत्तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून देऊ शकतात. बारा तासांच्या पाळीत रुग्णाबरोबर घरच्या स्वयंपाकाचे काम केव्हा चिकटले हे कळत नाही. चोवीस तासांच्या कामात झोपेचे तास कोणते, जेवण कोणाचे, स्वच्छतागृह कोणते, या गोष्टी बोलून ठरत नाहीत. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने राहत्या घराचाही कामाच्या ठिकाणात समावेश केला आहे, पण चार भिंतींआडच्या तक्रारीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीपर्यंत पोचणे तिच्यासाठी सोपे नाही.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. रुग्णसहायकेने त्यात नोंदणी करावी काय, यावर मतभेद संभवतात: नोंदणीमुळे काही लाभ मिळतील, परंतु शुश्रूषा म्हणजे घरकामच, या समजावर शिक्कामोर्तब होईल. याच राज्यातील माथाडी कामगारांचा १९६९ चा आणि खासगी सुरक्षा रक्षकांचा १९८१ चा कायदा अधिक उपयुक्त नमुना पुरवतात, कारण त्यांत मंडळाकडे कामगार व मालक दोघांचीही नोंद होते, वेतन मंडळामार्फत जाते आणि भविष्यनिर्वाहासाठी अधिभार घेतला जातो. विखुरलेल्या, रोज मालक बदलणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्रानेच शोधलेली ही रचना या क्षेत्रात अद्याप गांभीर्याने तपासली गेलेली नाही, ही खेदाची बाब आहे. कुटुंबांची बाजूही विचारात घ्यावी लागते. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सामाजिक विमा आहे. भारतात हा खर्च वृद्धाच्या निवृत्तिवेतनातून किंवा मुलांच्या पगारातून होतो, आणि किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी व दोन पाळ्या यांचा नीट हिशेब केल्यास तो अनेक घरांच्या आवाक्याबाहेर जातो. या दोन न्याय्य गरजांमधील अंतर कोणी भरायचे, हा प्रश्न कुटुंब आणि बाई यांच्यावर सोपवून राज्यव्यवस्था बाजूला राहिली आहे.

८. अनुत्तरित बाबी

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि आजारी व वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांचा त्यात समावेश आहे. ज्या कामाला येथे कौशल्य म्हणून वेतनश्रेणी नाही तेच काम निर्यातीसाठी कौशल्य ठरते, ही विसंगती यापुढे किती काळ निभावता येईल, हे सांगता येत नाही. पुरुष सहायकांविषयीचा अभ्यास फार थोडा आहे, वास्तविक रुग्ण उचलण्याचे काम मुख्यतः त्यांच्याकडे असते. शय्याव्रणांचे प्रमाण आणि सहायकांची संख्या यांचा संबंध आपल्याकडील रुग्णालयांतून पद्धतशीरपणे तपासला गेला, तर कौशल्याविषयीचा वाद मतांवरून पुराव्यावर येईल.

मोजणीचा प्रश्न या सर्वांच्या तळाशी आहे. २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला अनुसरून, रुग्णालयातील शुश्रूषा-सहायक आणि घरी शुश्रूषा करणारे यांना दोन स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि ते परिचारिकांच्या गटात येत नाहीत तसेच घरकामगारांच्याही गटात येत नाहीत. म्हणजे कायद्याला न सापडलेली जागा सांख्यिकीने आधीच करून ठेवली आहे. २०२७ मध्ये होऊ घातलेल्या जनगणनेत प्रगणक एखाद्या चाळीत किंवा वस्तीत जाऊन व्यवसाय विचारील, तेव्हा रात्रपाळी संपवून परतलेली स्त्री ‘नर्स’ म्हणेल, ‘दवाखान्यात कामाला’ म्हणेल की ‘घरकाम’ म्हणेल, आणि प्रगणक त्यांपैकी काय लिहून घेईल, यावर ती कोणत्या क्रमांकाखाली मोजली जाईल हे ठरणार आहे.